नेहमीचा

2006 साली मी एका चौकोनात टिक केली, त्याची ही कथा. विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये खोल कुठेतरी तो चौकोन असे. टिक केली की आतल्या फायली कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होत आणि त्यांची नावं हिरवी होत. आपण फार हुशार, असं मला तेव्हा वाटलं.

आता लेक 18 वर्षांची होणार आणि तिला बारशाचे फोटो हवेत. ते त्याच फोल्डरात.

80 जीबीची हार्ड डिस्क घेऊन पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तापकीर गल्ली गाठली. दुकानातल्या पोरानं तिची 40 पिनांची बत्तीशी न्याहाळली. "काका, आयडीई! जुन्या जोडणीची डिस्क. एक पिन नाहीये हिला." मी दचकलो. मग तोच म्हणाला, "नसतेच ती. केबल उलटी लागू नये म्हणून." कनेक्टर घेऊन घरी आलो, डिस्क लॅपटॉपला जोडली. फोल्डर दिसलं, नावं दिसली. फोटोवर क्लिक केलं तर "ॲक्सेस इज डिनाईड". माझ्याच मुलीच्या बारशाला मलाच दारातून परत पाठवलं!

भाच्यानं फायलींची मालकी माझ्या नावावर करून दिली. उपयोग शून्य. मालकीनं डबा मिळतो, किल्ली नाही. इथे प्रत्येक फायलीला स्वतंत्र किल्ली, ती दुसऱ्या किल्लीनं बंद, आणि ती दुसरी जुन्या विंडोजमधल्या माझ्या खात्यात, पासवर्डच्या कुलपात. आमच्या आजीची कनवट यापेक्षा सोपी होती. बरं, मध्ये कधी विंडोज नव्यानं टाकली असती तर किल्लीच गेली असती. माझा आळस उपयोगी पडला.

मग माळ्यावरून जुना सीपीयू उतरवला. दोन झुरळं निघाली. मदरबोर्डवरचा सेल बदलून डिस्क पुन्हा आत बसवली, मशीन घरघरत उठलं. पासवर्ड मागितला. शेजारी प्रश्नचिन्ह होतं, तिथे मीच लिहून ठेवलेली खूण: "नेहमीचा".

नेहमीचा! त्या काळातला नेहमीचा कोणता? स्कूटरचा नंबर, लँडलाइन, कुलदैवत, सगळं झालं. कुलदैवत तर तीन स्पेलिंगांत.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या पहिल्या पगाराचा आकडा टाका. पुढे आरएस."

उघडलं. बारसं, पाळणा, टोपडं, सगळं. आणि शेजारीच "हिशेब" नावाची फाईल, जिच्यासाठी खरं तर ती टिक होती. मित्राला उसने 15,000, घरी न सांगता.

मी घाईनं ती बंद करायला गेलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "तेव्हाच वाचलीय. परत केले का त्यानं?"