पटलेल्यांनी पटलेल्यांसाठी लिहिलेलं पान

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड (प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ सूचना) कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. त्याचा प्रचार करणाऱ्या वेबसाइट उघडल्या की सुरुवातीलाच काय भेटतं? चार स्वातंत्र्यं (वापरायचं, बदलायचं, वाटायचं, बदललेलं वाटायचं), आणि त्यांची मोजणी शून्यापासून. पाठोपाठ परवान्यांची नावं, त्यातल्या जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीतला फरक, शिवाय विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या मुक्त प्रणालीला नुसतं लिनक्स न म्हणता जीएनयू/लिनक्स का म्हणायचं याचा लांबलचक खुलासा. यातलं काहीच खोटं नाही. पण ज्याला हे आधीच पटलंय त्याच्यासाठीच ते लिहिलेलं असतं. ज्याला अजून पटायचंय तो दुसऱ्या परिच्छेदात टॅब बंद करतो.

मी प्रोग्रामर नाही. माझं रोजचं काम लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मुक्त सॉफ्टवेअर) आणि फायरफॉक्स या ब्राउझरवर चालतं आणि या चळवळीचं म्हणणं मला मनापासून पटतं. म्हणूनच जास्त चीड येते. सांगण्यासारखं इतकं असताना ही मंडळी नेमकं तेच आत कुठेतरी पुरून ठेवतात.

या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रिंटरचंच घ्या. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या स्क्रीनवर निरोप जावा, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. अडकायचा तोही, पण त्याचा सोर्स कोड काही मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्याने सरळ नकार दिला, कारण कोणाला देणार नाही असं त्याने कबूल केलेलं होतं. म्हणजे यंत्र समोर, दुरुस्ती येणारा माणूस शेजारी, आणि हात लावायला मनाई. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हाही अनुभव होता. अडकलेला प्रिंटर कोणाला कळत नाही? तरी ही गोष्ट ‘इतिहास’ नावाच्या कुठल्यातरी आतल्या पानावर पडून असते.

सामान्य माणसाचा खरा प्रश्न वेगळाच असतो. मला कोड वाचता येत नाही, मग तो खुला असला काय आणि नसला काय, मला काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र फार कमी साइट नीट देतात. उत्तर आहे लिबरऑफिसमध्ये. २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली आणि तिच्यासोबत तिचं ओपनऑफिस हे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरही ओरॅकलकडे गेलं. पुढे त्याचं काय होणार, या काळजीने त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोच कोड घेऊन लिबरऑफिस सुरू केलं. परवान्याने तशी मुभाच दिलेली होती, कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. कोडची एक ओळही न कळणाऱ्या माझ्यासारख्यांच्या जुन्या फायली आजही उघडतात त्या यामुळे. कोड मी वाचायचा नसतोच. जो वाचू शकतो त्याला कोणी अडवू नये, एवढंच मला हवं असतं.

आणि एनव्हीडीए? स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा हा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध. दृष्टिहीनांसाठीचे असे प्रोग्राम तेव्हा भलतेच महाग होते. हा मोफत तर आहेच, शिवाय त्याचा कोडही खुला आहे. पहिल्या पानाला याहून चांगला मजकूर कुठून आणणार? (यावरून आठवलं: स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या कितीतरी साइटवर करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं असतात आणि चित्रांना वर्णन नसतं.)

डाउनलोडचं पान हा तर स्वतंत्र छळ. मावशीला एका प्रोग्रामची लिंक पाठवली होती. तिचा फोन आला, “अगं, इथे डेब आहे, आरपीएम आहे, ॲपइमेज आहे, खाली आकड्यांची एक लांबच लांब माळ आहे. यातलं माझं कुठलं?” माझ्याकडे कुठला संगणक आहे हे ब्राउझर त्या साइटला बहुतेक वेळा आपणहून सांगतो. मग एक मोठं बटण वर ठेवावं, बाकीचं खाली सरकवावं.

सूर हाही प्रश्नच. तुम्ही गुलाम आहात, तुमचा संगणक तुमच्यावर पाळत ठेवतोय, हे घरात पाऊल टाकताच ऐकवलं तर पाहुणा बसेल कशाला? ॲमेझॉनच्या किंडलला (ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राला) ‘स्विंडल’, म्हणजे फसवणूक, म्हणून आपापसात हसायला मजा येते, पण ज्याच्या हातात किंडल आहे त्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. त्याऐवजी फक्त घडलेलं सांगा: २००९ मध्ये ॲमेझॉनने काही वाचकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली आणि पैसे परत केले. एवढं पुरे, विशेषणांची गरज नाही.

यावर जुन्या कार्यकर्त्यांचा एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, सोय दाखवून लोकांना आणलंत तर जास्त सोय दिसताच ते निघून जातील. घडलंही तसंच. २००४ मध्ये फायरफॉक्स आलं तेव्हा सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली. लोक फायरफॉक्सकडे वळले ते मात्र बऱ्याच अंशी पॉप-अप बंद झाले म्हणून. २००८ मध्ये क्रोम आलं, ते वेगवान वाटलं, आणि त्यातले कितीतरी तिकडे गेले. का राहावं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आक्षेप मान्य. पण मला यातून दिसतं ते असं की तत्त्व सांगायचं राहून गेलं. ते आधी सांगायला हवं होतं, हे काही त्यातून निघत नाही. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरणाऱ्या किती जणांना माहीत असतं की हे मुक्त सॉफ्टवेअर आहे? कुठलीही फाइल बिनतक्रार उघडली, माणूस खूश आहे, त्या क्षणी दोन ओळीत सांगा की हे असं का जमतं. तेव्हा तो ऐकेल.

अलीकडे एक साइट मला आवडली. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी ‘एंड ऑफ टेन’ ही मोहीम काढली. तिचं म्हणणं सुरू होतं वाचणाऱ्याच्या संगणकापासून: २०१० नंतर घेतलेला असेल तर बहुधा तो टाकून द्यायची गरज नाही. आणि लिनक्स बसवायला प्रत्यक्ष मदत करणारे कुठे भेटतील, याची यादी तिथेच. नव्या माणसाला तत्त्वज्ञानाआधी शेजारी बसणारं कोणीतरी हवं असतं.

शेवटचं मागणं: जे जमणार नाही तेही पहिल्याच पानावर लिहा. फोटोशॉप लिनक्सवर थेट चालत नाही. वर्डमधल्या गुंतागुंतीच्या फायलींची मांडणी लिबरऑफिसमध्ये कधीकधी विस्कटते. काही ऑनलाइन खेळ चालतच नाहीत. हे आधी कळलं तर माणूस तयारीने येतो. नंतर कळलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

तुमच्यापैकी कोणी अशी साइट चालवत असेल तर लिंक कमेंटमध्ये टाका. कुठे अडखळले ते मी स्पष्ट लिहीन, आणि मजकूर सोपा करून द्यायलाही तयार आहे.