तीनच चित्रं का दाखवली? एका शिक्षिकेच्या अभिप्रायाला उत्तर

मॅडम, नमस्कार.

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. तुमच्या मुलांना त्या दिवशी चित्रं दाखवणाऱ्या आमच्या ताईंशी सोमवारी बोललो आणि मगच लिहायला बसलो. तुम्ही एकच तारा दिलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जालना जिल्ह्यातल्या तुमच्या शाळेची ५८ लेकरं पहाटे गाडीत बसवून छत्रपती संभाजीनगरला आणली आणि आमच्या कलादालनात दीड तासात त्यांना तीनच चित्रं दिसली. माहिती सांगायचं सोडून आम्ही मुलांनाच प्रश्न विचारत राहिलो. कार्यपत्रिका इंग्रजीत निघाल्या, डबे खायला जागा नव्हती, चिखलाने गणवेश भरले, एलिमेंटरीच्या चित्रकला ग्रेड परीक्षेला उपयोगी काही मिळालं नाही. आणि खरा अजिंठा असताना प्रतिकृतींसाठी पैसे कशाला मोजायचे?

शेवटी एक छोटं वाक्य आहे, "शिक्षकांचा मान ठेवायला शिका." त्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या तक्रारींपेक्षा ती मला मोठी वाटते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या चित्राच्या प्रतिकृतीसमोर तुम्ही मुलांना गोष्ट सांगू लागलात, तेव्हा आमच्या ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगू नका, त्यांना बघू द्या." हे चुकलं. पद्धत कितीही चांगली असो, लेकरांसमोर त्यांच्या बाईंना थांबवायचं नसतं. यात ताईंपेक्षा माझी चूक जास्त. सत्र कसं चालतं हे तुम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. शिक्षकांची बैठक आम्ही शनिवारी इथे घेतो, आणि तुमच्या गावाहून त्यासाठी यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. मी तुमची मनापासून माफी मागतो.

डब्यांचंही खरं आहे. दोन शाळांना एकच वेळ दिली गेली आणि लेकरांनी पार्किंगमध्ये उन्हात बसून भाकरी खाल्ली. त्याला कसलीही सबब नाही. मागची खोली रिकामी करून तिथे सतरंज्या आणि पिण्याच्या पाण्याची सोय केली आहे. मराठी कार्यपत्रिका आम्ही छापल्याच नव्हत्या, त्या आता छापायला दिल्या आहेत. ग्रेड परीक्षेची तयारी आम्ही करून घेत नाही, हे पत्रकात स्पष्ट लिहायला हवं होतं. प्रत्येक मुलामागे घेतलेल्या ५० रुपयांतले निम्मे शाळेच्या खात्यावर परत करतो आहे.

तीन चित्रांबद्दल मात्र मी माघार घेणार नाही.

"या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतं?" हे तीन प्रश्न आमच्या मनचे नाहीत. अबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन यांनी अमेरिकेत ही पद्धत घडवली. येनवाइन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळत होते. दीड तासात तीस चित्रं दाखवली तर लेकरांच्या लक्षात फक्त रांग राहते. आणि "कशावरून?" विचारलं की मूल पुन्हा चित्राकडे वळतं. हे मी रोज पाहतो.

खऱ्या अजिंठ्याला जरूर न्या, माझा आग्रहच आहे. सोमवारी लेणी बंद असतात. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तुमची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबेल, पुढे तिथल्या बसने जावं लागेल. पण आत उजेड मंद, फ्लॅशला बंदी, मागून दुसरा घोळका येतोच. अंधाराला डोळा सरावेपर्यंत निघायची वेळ होते. आमच्या प्रतिकृतीसमोर मूल मांडी घालून अर्धा तास बसू शकतं, मग लेण्यात गेल्यावर काय शोधायचं ते त्याला ठाऊक असतं. प्रतिकृतींना कमी लेखू नका. जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्यात बसून प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांतल्या बऱ्याच प्रती पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या.

आता चिखल. अजिंठ्याच्या कातळावर आधी माती, भुसा आणि काडीकचरा कालवून जाड थर दिला, वर बारीक मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. पिवळा, तांबडा, हिरवा हे इथल्याच मातीचे आणि दगडाचे, निळा मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाचा. आम्ही परातीत तोच पहिला थर कालवायला देतो. तुमच्या सहावीतल्या एका मुलीने हात घातला आणि म्हणाली, "भुसा कमी हाय, तडकंल." तिच्या आजीच्या माळवदाच्या घराला ती दरवर्षी लिंपायला लागते. आमच्या माणसाने मूठभर भुसा वाढवला. तिचंच बरोबर होतं. गणवेशावर घालायला जुने शर्ट आता ठेवले आहेत.

आणि एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी, कारण तेव्हा तुम्ही रागाने बाजूला गेला होतात. सतराव्या लेण्यातल्या त्या चित्रात बुद्ध भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूला परत आलेला आहे. तो अवाढव्य, आणि समोर यशोधरा नि राहुल अगदी लहान. ताईंनी विचारलं, हा एवढा मोठा का? कुणी म्हणालं देव आहे म्हणून, कुणी म्हणालं राजा आहे म्हणून. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "बाप लई दिवसांनी आलाय ना. पोराला तेवढा दिसतोय." कशावरून, विचारलं, तर म्हणाला, "पप्पा कारखान्यावरून येतात तवा."

हे त्याला सुचलं, कारण "हा राहुल, हा त्याचा बाप" एवढं तुम्ही सांगून झालं होतं. ते नसतं तर तोही देव किंवा राजाच म्हणाला असता. म्हणून आम्ही सत्र बदललं आहे. चित्राची गोष्ट सुरुवातीला शाळेच्या बाई किंवा गुरुजी सांगतील, त्यानंतर आमचे प्रश्न.

सोमवारी आमचं दालन बंद असतं. तुमच्या केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेला बोलावलंत तर त्या दिवशी मी स्वतः येईन, मानधन नको. त्या मुलाने काढलेलं चित्र गडबडीत आमच्या टेबलावरच राहिलं आहे. येताना घेऊन येतो.