मिलिमीटरच्या गोलावर औषध ठरत नाही

रसायनशास्त्राच्या पेपरांत एक वाक्य फार स्वस्त झालंय: "हे संयुग प्रभावी अँटिबायोटिक ठरू शकतं." खाली कोष्टक, त्यात झोन (संयुगाभोवती जिवाणू न वाढलेला गोल) १८ मिमी, २१ मिमी. आपल्या विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांतूनही असे पेपर निघतात. संश्लेषण चोख, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) स्वच्छ, अन् जिवाणूंचं काम मात्र आगरला (जिवाणू वाढवायच्या जेलीला) चार भोकं पाडून उरकलेलं.

झोन म्हणजे औषधाची ताकद नव्हे. संयुग आगरमध्ये किती पसरलं हेही त्यातच मोजलं जातं. थर ४ मिमीपेक्षा पातळ ओतला की गोल आपोआप मोठा. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा रेणू मोठा, आगरात नीट सरकत नाही, म्हणून त्याच्या डिस्क चाचणीवर (औषधाची चकती आगरवर ठेवून झोन मोजायचा) भरवसा ठेवत नाहीत. मग पाण्यात न विरघळणारं तुमचं संयुग पसरेल काहून?

एमआयसी काढा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण. ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ (जिवाणूंचं पातळ खाद्य, कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला), औषध दर वेलला निम्मं करत न्यायचं. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणाच्या मापाला) जुळवून १५० पट पातळ करा. १०० मायक्रोलिटर औषधात तेवढंच घातलं की मिलिलिटरला ५ लाख पेशी पडतात. द्रावण दाट राहिलं तर एमआयसी उगाच वर जाते. डीएमएसओ (संयुग विरघळवायचा द्रव) १ टक्क्याच्या आत, अन् नुसत्या डीएमएसओचा एक वेल वेगळा. ३५ अंशांवर १६ ते २० तास.

आता आपल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात खोलीच ४३ अंशांवर. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. काटा ३५ वर, आत ४३! थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर नसेल तर काम सरळ पावसाळ्यावर ढकला. त्यात कोरडी हवा. कडेचे वेल रात्रीतून आटतात, औषध घट्ट होतं आणि एमआयसी खरीपेक्षा छान, म्हणजे कमी, दिसते. कडेच्या वेलांत नुसता ब्रॉथ भरा, प्लेट ओल्या कापसासोबत झाकणाच्या डब्यात ठेवा. लाइट जाणारच, म्हणून आत कमाल-किमान थर्मामीटर हवा.

प्रत्येक वेळी पडताळणीसाठी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (जिवाणूंच्या संग्रहातला ठरलेला वाण) वर सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीचं अँटिबायोटिक लावा. त्याची एमआयसी मिलिलिटरला ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅमच्या बाहेर गेली तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद.

कर्क्युमिनवाल्यांना (हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावर काम करणाऱ्यांना) वेगळं सांगतो. ते पाण्यात विरघळत नाही, उदासीन पीएचला काही मिनिटांत तुटतं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. वायगावच्या हळदीचा अभिमान मलाही आहे बाप्पा, पण भाजीत.

शीर्षकात "रेझिस्टन्स" लिहायचं असेल तर रेझिस्टंट जिवाणू तरी घ्या. स्टॅफ ऑरियस या जिवाणूचे एटीसीसी वाण, साधा २९२१३ आणि मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा ४३३००, दोन्ही शेजारी. सोबत रक्ताच्या तांबड्या पेशी फुटतात का तेही पाहा; साबणासारखं संयुग सगळंच मारतं. अन् वाचून झालेली प्लेट मोरीत ओतायची नाही. आधी १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह.