हळदीची घड्याळं

कर भरणं आता तसं सोपं झालंय. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील, २० तारखेला ३-बी म्हणजे एकूण कराचा हिशेब, मोबाइलवर ओटीपी आला, टाकला, सुटलो. अवघड असतं ते भरून झालेल्या कराकडे पुन्हा बघणं. "भरलास ना एकदाचा? मग आता काय उकरत बसलायस?" असं आमची आई विचारते आणि या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. शेठजींना डॅशबोर्ड हवाय, एवढंच मी सांगतो. तिला ते गाडीतलं काहीतरी वाटतं.

आमची कंपनी इंदूरची, म्हणजे शेव-मिक्श्चर आणि मसाल्यांची, हे वेगळं सांगायला नकोच. कारखाना सांवेर रोडला, घाऊक विक्री सियागंजातून. बिलं बनतात क्लाउडवरच्या एका टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये. ते बिचारं सरकारी पोर्टलवरून प्रत्येक बिलाचा ओळखक्रमांक, म्हणजे आयआरएन, आणतं, रिटर्न तयार करतं आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसतं. पण कुठल्याशा लग्नात शेठजींना कोणीतरी स्वतःच्या धंद्याचे रंगीत गोल मोबाइलवर दाखवले आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. "भिया, अपने को भी ऐसा चाहिए. गोल वाला."

गोल काढायचे तर सॉफ्टवेअरमधला डेटा आधी डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे असे हिशेब मांडायच्या वेगळ्या कोठारात, आणायला हवा. सॉफ्टवेअरवाल्यांचा सेल्समन म्हणाला, "सर, डेटा तिकडे नेणारा कनेक्टर आहे ना आपला. एक क्लिक." ते क्लिक कोणी करायचं, कुठे करायचं आणि केल्यावर कोणाला फोन लावायचा, हे ही मंडळी कधीच सांगत नाहीत.

क्लिक केलं. रात्रभर डेटा येत राहिला. सकाळी पहिला गोल उघडला, मालाच्या प्रकारानुसार विक्रीचा. शेव जागेवर होती. मिक्श्चर जागेवर होतं. आणि त्यांना खेटून, चांगला गलेलठ्ठ तुकडा होता घड्याळांचा.

आमच्या कंपनीने आजवर एकही घड्याळ विकलेलं नाही. कारखान्यात भिंतीवर एक आहे, तेही मागे चालतं. घड्याळांच्या पलीकडचा तुकडा त्याहून भारदस्त: 'चष्मे, दुर्बिणी, शस्त्रक्रियेची उपकरणे'. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा डेटा आपल्या दारात येऊन पडला. पण गिऱ्हाइकं बघितली तर सगळी आमचीच. देवासच्या एका किराणावाल्याने चाळीस किलो घड्याळं नेली होती.

किलोवरून डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक मालाला कराच्या यादीतला एचएसएन कोड असतो आणि त्याचे पहिले दोन अंक म्हणजे यादीतलं प्रकरण. हळदपुडीचा कोड ०९१०३०३०. मसाले बहुतेक नवव्या प्रकरणात येतात, म्हणून त्यांचे कोड शून्याने सुरू होतात. कनेक्टरला वाटलं, हा तर आकडा. आणि आकड्याच्या पुढचं शून्य काय कामाचं? त्याने ते उडवलं. उरलं ९१०३०३०. आता पहिले दोन अंक ९१, आणि एक्याण्णवावं प्रकरण घड्याळांचं. मिरचीपूड ०९०४ मधली, ती शून्य गमावून नव्वदाव्या प्रकरणात जाऊन बसली, जिथे चष्म्यांपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत सगळं नांदतं. मिरचीचा डोळ्यांशी संबंध आहे हे मी नाकारत नाही, पण तो असा नव्हे. जिरं आणि धणेही तिच्या मागोमाग गेले. शेवेचा कोड २१०६, म्हणून ती वाचली.

यंत्र मठ्ठ असतं तर मी काही बोललो नसतो. मठ्ठ माणूस कागद दिला तसा पुढे सरकवतो. हे अतिशहाणं आहे, त्याला मध्येच मदत करायची असते. ज्याची जन्मात कोणी बेरीज करणार नाही, तो आकडा दिसला तरी आकडा नसतो, हे आमच्या मुनीमजींना शाळेत न जाता कळतं. ई-वे बिल म्हणजे ट्रकमधल्या मालासोबतचा सरकारी कागद, त्याचा नंबर बारा अंकी. त्याची फाइल एक्सेलमध्ये उघडली तर तिथे '३.४१ई+११'. ओळीने खाली तेच. आमचे सगळे ट्रक एकाच नंबरावर मध्य प्रदेशभर धावत होते.

गिऱ्हाइकाचा जीएसटी नोंदणी क्रमांक, म्हणजे जीएसटीआयएन, तेवढा सुखरूप आला, कारण त्याच्या पंधरा अंक-अक्षरांत मधे पॅनची अक्षरं असतात आणि अक्षरांपुढे यंत्राचा शहाणपणा चालत नाही. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे. मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७. लग्नाच्या बैठकीत पुण्याकडची मंडळी "तुम्ही मूळचे कुठले?" असं खोदून विचारतात, तेव्हा हल्ली मला सांगावंसं वाटतं: होळकरांच्या काळापासून तेवीसचे.

सपोर्टला तिकीट टाकलं. फोनवर पुण्याची मुलगी आली. मराठी ऐकून मला बरं वाटलं, तिला काहीच वाटलं नाही.

"मॅपिंगमध्ये त्या कॉलमचा टाइप स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, निवडलाय का तुम्ही?"

"निवडताच येत नाहीये. तो पर्याय करडा दिसून राहिलाय."

"मग ते पुढच्या व्हर्जनमध्ये येईल. तिकीट क्लोज करू?"

"अहो, पण प्रश्न सुटला कुठे?"

"नाही, पण उत्तर दिलंय ना."

शेवटी कनेक्टर बाजूला ठेवला आणि एपीआयमधून, म्हणजे सॉफ्टवेअरने प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून, डेटा स्वतःच ओढायला बसलो. आधी सगळं जसंच्या तसं, निव्वळ मजकूर म्हणून, एका स्टेजिंग टेबलात, म्हणजे कच्च्या वहीत, घ्यायचं. काय आकडा आणि काय नाही, ते नंतर आपण ठरवायचं. आमच्या शहरात हे शेंबडं पोरही जाणतं. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लॅस्टिक वेगळं. केळ्याचं साल दुधाच्या पिशवीबरोबर गेलं तर कचरागाडीवाला चारचौघांत लाज काढतो. डेटाच्या गाडीवर असा एखादा बसवला असता, तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

एपीआयच्या दाराची तात्पुरती किल्ली, म्हणजे टोकन, दर तासाला मरायचं, नेमकं मी जेवायला बसल्यावर. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, पोळ्या गार होण्यात नवं काही नाही.

तारखांचं मात्र सांगायलाच हवं. दर महिन्याच्या १ तारखेची बिलं आदल्या महिन्यात जात होती, आणि १ एप्रिलची तर सरळ गेल्या आर्थिक वर्षात. सॉफ्टवेअर तारीख पाठवतं ती यूटीसी, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेने, आपल्याहून साडेपाच तास मागे. बिलावर फक्त तारीख असली की ते त्या दिवशीची मध्यरात्र धरतं. इंदूरला रात्रीचे बारा वाजतात तेव्हा सराफ्यात, म्हणजे दिवसा सोन्याच्या आणि रात्री खाण्याच्या बाजारात, भुट्ट्याच्या किसापुढे पाय ठेवायला जागा नसते. यूटीसीच्या हिशेबाने तेव्हा आदल्या संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात आणि सराफ अजून सोनंच विकत असतात. हे मी सीए साहेबांना याच शब्दांत समजावलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण ही बिलं मागच्या वर्षात दिसली तर नोटिशीला उत्तर सराफा देणार का?"

मग दर. २२ सप्टेंबर २०२५ला पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. सॉफ्टवेअरच्या मालाच्या यादीत दराला एकच खण. नवा दर बसला, जुना गेला. वेअरहाउसमध्ये ती यादी बिलांना जोडली, तर उन्हाळ्यात विकलेली शेवही ५ टक्क्यांची दिसायला लागली आणि आम्ही सरकारला फुकटचा कर देऊन बसलोय असा गोल तयार झाला. शेठजी परतावा मागायला निघालेच होते. मुनीमजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "बही में जो लिख दिया, सो लिख दिया. तुम्हारे यहाँ पुराना लिखा भी बदल जाता है क्या?" दर यादीतून न घेता ज्या-त्या बिलावरूनच घ्यायचा, ही अक्कल त्यांच्या टोमण्यातून आली, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

एवढं होऊन डॅशबोर्ड एकदाचा उभा राहिला आणि शेठजी हरखले. विक्री वाढलेली होती. सणानंतरच्या महिन्यात तर फारच. त्यांनी ऑफिसभर कचोऱ्या मागवल्या, मला दोन.

सीए साहेबांनी आकडा ३-बीशी ताडून बघितला आणि चष्मा काढला. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटांची रक्कम सॉफ्टवेअर अधिक चिन्हानेच पाठवतं. ती वजा करायची, हे शेजारच्या कॉलममधली 'सीआरएन' ही तीन अक्षरं वाचून समजून घ्यायचं असतं. कनेक्टरबरोबर आलेला तयार रिपोर्ट तो कॉलम वाचतच नव्हता. सणानंतर दुकानदारांनी परत पाठवलेली शेव रिपोर्टात दुसऱ्यांदा विकली गेली होती. जितका माल परत, तितका धंदा जोरात.

मी रिपोर्ट दुरुस्त केला. गोल आक्रसला. ३-बीशी पै न पै जुळला. हळद हळदीत, मिरची मिरचीत, १ एप्रिल १ एप्रिलला. शेठजींनी मोबाइल जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला.

"ये सही वाला है?"

"हो, आता अगदी बरोबर."

"पहले वाला अच्छा था." थोडं थांबून म्हणाले, "भिया, वो मंगलवार तक वापस ला सकते हो क्या? बैंक वाले आ रहे हैं."

मी सीए साहेबांकडे बघितलं. ते कचोरी खात होते.