२५ मिनिटांनी मेंदू थकतो, असं कोण म्हणतं?

“मेंदू सलग २५ मिनिटांपेक्षा जास्त एकाग्र राहूच शकत नाही, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. म्हणून २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक. घंटा वाजली की काम आहे तिथे सोडा, ब्रेकमध्ये फोन बघा, डोकं ताजंतवानं होतं.” अशा अर्थाचा मजकूर हल्ली सगळीकडे फिरतोय. मी स्वतः टायमर लावून काम करतो, म्हणूनच याला उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी तो आकडा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना. स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर समोर ठेवून त्याने थोड्या मिनिटांची स्वतःशीच पैज लावली. इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोदोरो, म्हणून ही पोमोदोरो पद्धत. २५ हा आकडा त्याने पुढे करून बघत ठरवला. कुणाच्या मेंदूची तपासणी करून तो काढलेला नाही.

मग ‘विज्ञान’ आलं कुठून? नक्की सांगता येणार नाही, पण अर्ध्या तासाची एक जुनी नोंद आहे खरी. रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा का निसटतात, हे शोधताना नॉर्मन मॅकवर्थ यांनी लोकांना दोन तास एका तबकडीसमोर बसवलं. काटा ठरावीक अंतराने पुढे सरकायचा आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारायचा. तेवढी उडी टिपायची, बाकी काही नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागलेल्या दिसतात. न निसटल्या तरच नवल! पण हा रटाळ पहाऱ्याचा हिशोब झाला. गणितात डोकं घातलेल्याला तो कसा लावायचा? शिवाय पहाऱ्यातही ही घसरण अटळ नाही. २०११च्या एका प्रयोगात सुमारे ५० मिनिटांच्या तशाच कंटाळवाण्या कामात दोनदा क्षणभर लक्ष दुसरीकडे वळवलेल्या लोकांची कामगिरी टिकून राहिली. पाच मिनिटांचा ब्रेकही लागला नाही.

घंटा वाजताच काम सोडण्याचा नियम मात्र चिरिल्लोचाच आहे, आणि इथे माझं त्याच्याशीही जमत नाही. मी अनुवाद करतो. चार ओळींचं मूळ वाक्य, कर्ता सुरुवातीला, मधे तीन पोटवाक्यं. ती सगळी डोक्यात तोलून धरायची, तेव्हा कुठे शेवटी मराठी क्रियापद बसतं. नेमकी त्याआधी घंटा वाजली आणि उठलो, की परत आल्यावर पहिल्या शब्दापासून सुरुवात. अर्धवट टाकलेलं काम मनात रेंगाळतं आणि पुढच्या कामातलं लक्ष खातं, असं सोफी लरॉय यांनी २००९मध्ये दाखवलंय. माझ्या ब्रेकमध्येही ते वाक्यच चालू असतं, त्याला विश्रांती कशी म्हणायची?

फोनबद्दल फार लिहायला नको. ब्रेकमध्ये डोक्याला ताण देणारं काही करू नका, कामाचे फोन किंवा ईमेलसुद्धा नकोत, असं चिरिल्लोनेच बजावलंय. तो भाग फॉरवर्ड करताना सोयीस्कर गळाला असावा.

म्हणजे पद्धत टाकाऊ का? नाही. २०२३च्या एका अभ्यासात ठरावीक वेळाने ब्रेक घेणारे विद्यार्थी आणि मनाला येईल तेव्हा घेणारे विद्यार्थी यांची तुलना झाली. मनाप्रमाणे घेणारे जास्त वेळ बसले, ब्रेकही लांबले आणि ते जास्त थकले. ठरावीक ब्रेकवाल्यांनी साधारण तेवढंच काम कमी वेळात उरकलं. तिथले तुकडे मात्र २४ आणि १२ मिनिटांचे होते, त्यामुळे २५ची जादू इथेही सापडत नाही.

मला टायमरचा उपयोग होतो तो काम सुरू करायला. ‘अख्खं प्रकरण’ म्हटलं की हात उचलत नाही, ‘वाजेपर्यंत बसू’ म्हटलं की बसतो. वाजल्यावर हातातलं वाक्य क्रियापदापर्यंत नेतो आणि मग उठतो. टायमर काटेकोर पाळायचा तो ब्रेक संपताना, कारण खरी पळवाट तिथेच असते.