बसलेली स्प्रिंग हा फक्त आरामाचा प्रश्न नाही

‘गाडीची स्प्रिंग बसली म्हणून लांबचा प्रवास रद्द करू नका. ती फक्त आरामासाठी असते. हायवे गुळगुळीत असतो. शॉकअप नवे असले आणि टायरमध्ये जरा जास्त हवा भरली की हजार किलोमीटर बिनधास्त जा. उलट गाडी खाली बसली की रस्ता जास्त धरते.’ हा सल्ला सध्या खूप फिरतो आहे. त्यावर विसंबून लोक भरली गाडी घेऊन निघतात, म्हणून लिहितो आहे.

आधी ‘फक्त आराम’. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते आणि चाक रस्त्याला टेकवून ठेवते. ब्रेक लागणं आणि गाडी वळणं या टेकण्यावरच अवलंबून असतं. स्प्रिंग बसली, म्हणजे कायमची दबून आखूड झाली, की चाकाला वर यायला जागा कमी उरते. समजा, रिकाम्या गाडीत ही जागा ८ सेंटिमीटर होती. ३ बसण्यात गेले, माणसं आणि सामान भरल्यावर आणखी ४ गेले. उरला १ सेंटिमीटर. तो संपला की बंप स्टॉपचं, म्हणजे चाकाचं वर येणं अडवणाऱ्या ठोकळ्याचं रबर आपटतं आणि त्या चाकाची स्प्रिंग जणू नाहीशी होते. वळणावर हे झालं तर बाहेरच्या मागच्या चाकावर एकदम भार येतो आणि गाडी मागून सुटू शकते. अशा गाडीखाली टॉर्च मारून बघा: रबर चपटं झालेलं, कडांचा भुगा होत आलेला, आणि ते जिथे आपटतं तिथला रंग उडून पत्रा चकचकीत झालेला दिसेल.

हायवेवर खड्डे कमी असतील, पण ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. त्या वेगात पुलाचा एक उंच सांधाही तो उरलेला १ सेंटिमीटर संपवायला पुरतो.

रात्रीचा मुद्दा तर या सल्ल्यात नावालाही नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर असलेली गाडी मागून ४ सेंटिमीटर बसली, तर हेडलाइटचा झोत १० मीटरवर १६ सेंटिमीटर वर जातो. लो बीम तेवढ्या अंतरात साधारण १० सेंटिमीटरच खाली झुकवलेला असतो. म्हणजे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

नव्या शॉकअपचं म्हणाल, तर तो उसळी आवरतो; वजन तोलणं त्याचं काम नाही. जास्त हवेने गाडी वर येत नाही, टायर मात्र कडक होतो, रस्त्याला कमी टेकतो आणि दणका सरळ रिमला बसतो. आणि खाली बसलेली गाडी म्हणजे रेसची गाडी नव्हे. तिथे आखूड स्प्रिंग मुद्दाम जास्त कडक बनवलेली असते. इथे स्प्रिंग तीच, जागा तेवढी कमी. वर पुष्कळ गाड्यांत चाकाचा कोन बदलून टायर आतून खाल्ला जातो.

एक मात्र खरं: स्प्रिंगचं पोलाद जुनं झालं म्हणून मऊ पडत नाही. दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी बसलेली गाडी रिकामी, सावकाश, जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. पण गंज चढला की हिशोब बदलतो. कॉइलची, म्हणजे वेटोळ्याच्या स्प्रिंगची तार ५ टक्के बारीक झाली तर तिचा कडकपणा जवळपास १९ टक्क्यांनी घटतो आणि तारेवरचा ताण १६ टक्क्यांहून जास्त वाढतो. माझ्यासमोर उचललेल्या एका गाडीत सर्वांत खालचा वेढा, जिथे चिखल साचतो नेमका तिथेच, तुटलेला होता. तुटकं टोक टायरला लागून आतल्या भिंतीवर गोल चर पडली होती. चालवणाऱ्याला फक्त ‘मधूनच टक् असा आवाज’ येत होता. पाट्यांच्या गाडीत, म्हणजे जिथे स्प्रिंग एकावर एक पोलादी पट्ट्यांची असते तिथे, मेन पाटा तुटला तर अॅक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी पळते. तुटलेल्या स्प्रिंगवर एक किलोमीटरही जाऊ नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी सपाट जागी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक मापात येत नाही. डावी-उजवीत सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर गाडी लिफ्टवर घ्या, आणि बदलायचीच झाली तर त्या अॅक्सलच्या दोन्ही स्प्रिंगा एकदम बदला. कॉइल घरी सोडवायला जाऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते.