थरांच्या साबणाला रात्रभर थांबू नका

दोन रंगांच्या थरांचा साबण घरी करायची एक कृती सध्या सगळीकडे पुढे पाठवली जातेय. ती थोडक्यात अशी: तेल कुठलंही घ्या, किलोला १५० ग्रॅम कॉस्टिक सोडा धरा. पहिला थर रात्रभर ठेवून दगडासारखा होऊ द्या, मगच दुसरा ओता. गुलाबी रंगासाठी बिटाचा रस घाला. साबण झोंबला तर चमचाभर लिंबू पिळा. दुसऱ्या दिवसापासून वापरा. फोटो सुरेख आहे, कृती मात्र पायरीपायरीला घसरते.

‘रात्रभर थांबा’ हा सल्ला ऐकायला सगळ्यात पटणारा. तसं थांबणं ‘मेल्ट अँड पोअर’मध्ये एक वेळ समजू शकतं, कारण तिथे तयार साबण वितळवून ओततात आणि तो फक्त थिजायचा असतो. (तिथेही पहिल्या थरावर साय धरली की स्पिरिट फवारून, तो कोमट असतानाच दुसरा ओततात.) ही कृती मात्र कोल्ड प्रोसेसची, म्हणजे तेलात कॉस्टिकचं पाणी मिसळून, न शिजवता साबण करायची. तिच्यात साच्यात पडलेलं मिश्रण अजून साबण झालेलंच नसतं. तेल आणि कॉस्टिकची प्रक्रिया तिथे चालूच असते, आणि ती चालू असताना दोन थर भेटले तर जोड पक्का बसतो. रात्र उलटल्यावर ओतलेला थर कधी चिकटतोही, पण वड्या कापताना नेमका त्याच रेघेवर सुटण्याचा धोका राहतो.

मग थांबायचं किती? पहिलं मिश्रण दाट ट्रेसपर्यंत, म्हणजे वरून सोडलेली धार पृष्ठभागावर उमटून राहील इतकं घट्ट होईपर्यंत, फिरवून ओता, साचा आपटून हवा काढा. वर चमचा अलगद टेकवल्यावर तो बुडला नाही की झालं. घड्याळ बघण्यात अर्थ नाही, कारण तेलं आणि तापमान बदललं की वेळ बदलते. दुसऱ्या रंगाचं तेल आणि कॉस्टिकचं पाणी वेगळं मोजून ठेवा आणि तेव्हाच एकत्र करा. एकच घाणा करून अर्धा बाजूला ठेवला, तर तो भांड्यातच घट्ट होऊन बसतो. ओतताना धार थेट सोडू नका, पृष्ठभागाजवळ धरलेल्या उलथन्यावरून घरंगळू द्या. दोन्ही थरांत पाण्याचं प्रमाण सारखं हवं, नाहीतर वाळताना एक जास्त आक्रसतो.

आता ते १५० ग्रॅम. यावर मी सगळ्यात कडक बोलेन, कारण इथे त्वचेचा प्रश्न आहे. १ किलो खोबरेल तेलाला पूर्ण साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, ऑलिव्ह तेलाला सुमारे १३५, एरंडेलाला त्याहूनही कमी. म्हणजे १५० ग्रॅममध्ये खोबरेलाच्या साबणात बरंच तेल मोकळं राहील, आणि ऑलिव्हच्या साबणात १५ ग्रॅमच्या आसपास मोकळं कॉस्टिक उरेल. प्रत्येक तेलाचा हिशेब वेगळा करायचा, त्यातून ५ टक्के कॉस्टिक कमी धरायचं आणि सगळं वजनकाट्यावर मोजायचं.

लिंबाने ते भरून निघेल? १५ ग्रॅम कॉस्टिक मारायला सुमारे २४ ग्रॅम सायट्रिक आम्ल लागतं. रसात ते साधारण ५ टक्के धरलं तर जवळपास अर्धा लिटर रस झाला! चमचाभराने फक्त वास येईल. अंगावर कॉस्टिक उडालं तरी लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका. भरपूर वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा. आणि सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडं ॲल्युमिनियमचं नको.

बिटाचा गुलाबी रंग कॉस्टिकमध्ये टिकत नाही, मळकट तपकिरी होतो. हळद टिकते, पण उजेडात फिकी पडत जाते. थरांची रेघ ठसठशीत हवी असेल तर आयर्न ऑक्साइड किंवा अल्ट्रामरीन वापरा, पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. पांढऱ्या थराशेजारी व्हॅनिलाचा सुगंध मात्र टाळलेला बरा: व्हॅनिलिन तपकिरी पडतं आणि हळूहळू शेजारच्या थरात पसरतं.

राहिलं दुसऱ्या दिवशी वापरणं. प्रक्रिया तोवर बहुतेक उरकलेली असते, पण साबणात पाणी भरपूर असतं. ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी वाळवला नाही तर तो मऊ राहतो आणि भराभर झिजतो. तेवढा धीर नसेल तर सरळ मेल्ट अँड पोअर करावं, थर तिथेही छान पडतात.